दोरा तोडायचा नसतो

फोन आला तेव्हा गजेंद्र कापगते धानाचं पुंजणं रचत होता. खालून गडी भारे फेकत होता, हा वर उभा राहून लावत होता. खिशातला फोन वाजला म्हणून त्यानं एका हातानं काढून कानाला लावला, तर पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "मी गोंदियाहून रहांगडाले गुरुजी बोलतो. भुपेंद्रचा बाप. उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे येतो. घरी राहशील ना?"

"राहतो जी," गजेंद्र म्हणाला. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर त्याला पुंजण्यावरून उतरता येईना. खालून गडी ओरडला, "का गा, चक्कर येऊन राहिली का?" तरी हा आपला आभाळाकडे बघत उभा.

नऊ वर्षं तो या एका माणसाला चुकवत आला होता. आता नवेगाव बांधहून गोंदिया म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. देवलगावच्या टेसनावर गाडीत बसलं की दोन तासांत माणूस गोंदियाच्या बाजारात. पण नौदलातून सुट्टीवर येताना हा पठ्ठ्या नागपूरला उतरून साकोलीमार्गे एसटीनं धक्के खात यायचा. साधी विहिरीची मोटार दुरुस्त करून आणायची तरी साकोली. मागच्या वर्षी पेन्शन घेऊन कायमचा घरी आला, तेव्हा बायको चेतना एकदा म्हणालीच, "गोंद्याले का वाघ बसला आहे का तुमचा?" हा हसला, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गजेंद्रची नोकरी विमानवाहू जहाजावर. लढाऊ विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काहीतरी राक्षसासारखं येतं. हे तसं नव्हतं. हलकं, एका माणसाचं, पंखांखाली बॉम्ब घेऊन झपकन जाऊन हल्ला करून यायला बनवलेलं. आपल्या आंगणात उभं राहिलं असतं एवढंच. जहाजाच्या तेवढ्याशा पट्टीवरून मोठी धुडं उठत नाहीत, म्हणून ही असली चिमुकली जेटं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण जहाजावर सगळे त्याला 'चिडिया' म्हणायचे.

गजेंद्र काही ते उडवायचा नाही. उडवणारे साहेब वेगळे. याचं काम विमान सांभाळायचं. उड्डाणाआधी नाकापासून शेपटीपर्यंत तपासायचं, साहेबांना आत बसवायचं, पट्टे आवळायचे, संकटात साहेबांना बाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या लाल फितीच्या पिना काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरून दाखवायच्या, आणि शिडी उतरायची. शिडी उतरला की विमान साहेबांचं. पण तोपर्यंत विमान गजेंद्रचं, आणि तोपर्यंत त्यानं 'नाही' म्हटलं तर ॲडमिरल आला तरी चाक हलत नव्हतं. एवढा मान कापगत्यांच्या सात पिढ्यांत कोणाला मिळाला नव्हता.

आणि त्या कामातला पहिला नियम कोणता, तर सुटं काही नको. रोज सकाळी खलाशांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, धानाच्या रोवणीच्या बायांसारखे वाकून डेकवरून चालायचे. वायसर, खिळा, बटण, जे दिसेल ते उचलायचे. कारण तेवढंसं बटण इंजिनात गेलं तर विमान गेलं. आणि कॉकपिटमध्ये तर पेनचं टोपणसुद्धा नको. साहेबांच्या दोन गुडघ्यांच्या मधे विमान वळवायचा दांडा असतो. त्याच्या बुडाशी फट असते. त्या फटीत काही जाऊन बसलं, की दांडा अडकला. आणि दांडा अडकला की देव आठवायलाही वेळ मिळत नाही.

हे सगळं गजेंद्रला पाठ होतं. नव्या पोरांना तोच शिकवायचा. म्हणून तर नऊ वर्षं झोप नव्हती.

लेफ्टनंट भुपेंद्र रहांगडाले जहाजावर आले त्या दिवशी त्यांनी हजेरीच्या कागदावर गजेंद्रचं गाव वाचलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "का गा कापगते, नवेगावचे मासे काय म्हणतेत?" चहूकडे पंजाबी, मल्याळी, बंगाली माणसं, खाली खारं पाणी, आणि त्यात एकदम घरची झाडीबोली! गजेंद्रचे डोळेच भरून आले. साहेब गोंदियाचे, वडील शाळेत गुरुजी. दोघांचं जमलं. डेकवर साहेब आणि खलाशी, पण कोपऱ्यात उभे राहिले की हा त्यांना गावच्या गोठी सांगायचा आणि ते पोट धरून हसायचे.

हे सगळं गजेंद्रनं आईला फोनवर सांगितलं. देवकाबाईला काय, तिला एक आणखी पोरगा मिळाला. "आपल्याकडचा आहे नं? मंग त्याले बी धाडते," म्हणाली.

काय धाडते, तर दोरा. कापगत्यांच्या घरातून कोणी लांब निघालं की देवकाबाई काळ्या दोऱ्यात भोकाचा तांब्याचा पैसा ओवायची, सात गाठी मारायची, घरच्या देवापुढं रात्रभर ठेवायची आणि सकाळी बांधून द्यायची. पैसे तिच्या सासूच्या गाडग्यातले, इंग्रजाच्या काळचे. हा दोरा तोडायचा नसतो. झिजून झिजून आपला आपण गळला की तलावात सोडायचा. हातानं तोडला म्हणजे ज्याच्यासाठी बांधला त्याचं आयुष्य तोडलं. लहानपणी गजेंद्रच्या चुलतभावानं खेळता खेळता दोरा तोडला आणि पंधरा दिवसांत त्याला साप चावला, ही गोठ त्यानं आईच्या मांडीवर बसून शंभर वेळा ऐकली होती. असलं ऐकलेलं रक्तात उतरतं. मग तुम्ही जेट सांभाळा नाहीतर रॉकेट.

दोरा टपालानं आला. साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मनगटावर बांधला तर हातमोजा नीट बसेना. मग आठ दिवस तो त्यांच्या खिशातच फिरला.

नवव्या दिवशी सकाळी साहेब कॉकपिटमध्ये बसले. गजेंद्र शिडीवर उभा राहून पट्टे आवळत होता, आणि त्याला दिसलं. साहेबांनी दोरा डाव्या बाजूच्या एका खटक्याला गुंडाळून सातआठ गाठी मारल्या होत्या. तांब्याचा पैसा त्यांच्या गुडघ्याच्या वर लोंबत होता. गजेंद्रचा हात थांबला. साहेबांनी ते पाहिलं. त्यांनाही नियम ठाऊक होताच.

"काढू का गा गजू?" ते म्हणाले. "तू म्हणशील तसं. कापावा लागंल, गाठ घट्ट बसली."

खाली इंजिनांचा गोंगाट. वेळेचा हिशेब करणारे लोक हात हलवून राहिलेले. गजेंद्रच्या खिशात कटर होता. एकदा चालवला की काम झालं असतं.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "तोडायचा नसतो."

बस. एवढंच. पिना दाखवल्या, साहेबांनी अंगठा वर केला, तो शिडी उतरला. विमान धावत गेलं, डेकच्या वर उचललेल्या टोकावरून हवेत फेकलं गेलं, आणि फेकलं गेलं तसं सावरलंच नाही. नाक खाली गेलं ते गेलंच. कोणी 'अरे' म्हणायच्या आत पाणी उडालं. साहेबांची हवाई छत्री उघडली नाही. दोन दिवस शोधलं, पंखाचा एक तुकडा आणि तेलाचा तवंग मिळाला. समुद्र तिथं फार खोल होता.

चौकशीला तीन अधिकारी बसले. त्यांनी कागदावर बघत विचारलं, "कॉकपिटमध्ये काही सुटं होतं?"

"नाही सर."

सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचंच त्याला पुढं नवल वाटत राहिलं. आईचा दोरा मधे येऊ नये म्हणून खोटं बोललो, असं तो स्वतःला सांगायचा. पण खरं सांगायचं तर तो भ्याला होता. नोकरी जाईल, तुरुंग होईल, गावात तोंड कुठं दाखवू? आईचं नाव मागून आठवलं.

मग आईचा फोन आला. बातमी गावापर्यंत पोचली होती. ती रडत होती आणि एकच विचारत होती, "माझा दोरा होता नं रे त्याच्या अंगावर? होता नं?" आता 'होता' म्हणावं तर दोरा खोटा ठरतो आणि ती खचते. म्हणून गजेंद्रनं दुसरं खोटं जोडलं. "नाही माय. खोलीतच विसरले होते."

झालं! देवकाबाईचं रडणं थांबलं आणि तिच्या तोंडात एक वाक्य बसलं, ते नऊ वर्षं हललं नाही. "माझा दोरा बांधला असता तर वाचला असता तो पोरगा." गावभर झालं. चिचगडपासून बाया यायला लागल्या, पोरगा पुण्याला चालला, पोरगी नर्सिंगला चालली, दोरा द्या म्हणून. देवकाबाई कोणाकडून दमडी घ्यायची नाही. बांधताना प्रत्येकाला ती विमानाची गोठ सांगायची, आणि गजेंद्र घरी असला की त्या वेळी हटकून गोठ्यात जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ह्याच्या मुठीत निखारा होता.

सकाळी देवलगावच्या टेसनावर गुरुजी उतरले. सडपातळ, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहरा थेट साहेबांचा. तेच नाक, तीच हनुवटी. साहेब म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते. तो पाया पडला. गुरुजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुकाट्यानं मोटारसायकलवर मागे बसले. रस्ताभर गजेंद्र मनात घोकत होता. साहेब फार चांगले होते म्हणायचं, जेवू घालायचं, दुपारच्या गाडीला बसवून द्यायचं. तलाव दिसला तेव्हा गुरुजी मागून म्हणाले, "भुपेंद्रला इथले पक्षी बघायला आणायचं राहून गेलं." गजेंद्रनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

घरी चेतनानं पाणी दिलं, आंगणात खाट टाकली. देवकाबाई डोक्यावर पदर घेऊन समोर जोत्यावर बसली. चहा झाला. गुरुजींनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. इतक्या वेळा उघडलेला की घड्यांवर फाटत आलेला.

"फार लिहालिही केल्यावर चौकशीची ही दोन पानं मिळाली," ते म्हणाले. "यात शेवटची तपासणी म्हणून तुझं नाव आहे. आपल्याच भागातला माणूस, म्हणून बरं वाटलं होतं. पण यायचं धैर्य झालं नाही. कारण खाली काय लिहिलंय ते तुला माहीत आहे."

गजेंद्रला माहीत होतं. वैमानिकाच्या अंदाजातील चूक संभवते.

"मी ज्या शाळेत शिकवलं तिथं त्याचा फोटो लावायचं ठरलं होतं. मी कोणाला म्हटलं नव्हतं, पोरांनीच ठरवलं. तर परवा मीटिंगमध्ये एक जण उठून म्हणाला, सरकारचं विमान ज्यानं चुकीनं बुडवलं त्याचा फोटो कशाला? मी तिथंच बसलो होतो." गुरुजी कागदाची घडी बोटांनी सारखी करत राहिले. "त्याची आई, निर्मला, दोन वर्षांमागं गेली. शेवटी शेवटी ती म्हणायची, सायकल शिकतानाही तो एका बाजूला कलायचा, तेव्हाच आपण लक्ष द्यायला पाहिजे होतं. पोराची चूक ती त्याच्या लहानपणात शोधत होती, गजेंद्र. तसंच शोधत शोधत गेली."

चेतना दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

"मला फोटोबिटो नको. मला एवढंच सांग. तू त्याला शेवटचा बघितलास. त्याची झोप झाली नव्हती का? हात थरथरत होते का? घाबरला होता का?"

"नाही गुरुजी. साहेब एकदम ठणठणीत होते."

"मग चूक कशी झाली?"

गजेंद्रनं मान खाली घातली. वेळ मारून नेता आली असती. विमान म्हणजे यंत्र, गुरुजी, यंत्राचं काही सांगता येत नाही. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात देवकाबाई बोलली.

"गुरुजी, लहान तोंडी मोठा घास होते, पण सांगते. राग नका मानू जी. तुमच्या पोरानं माझा दोरा बांधला नाही. मी एवढा मायेनं धाडला, अन् तो खोलीवर विसरला. बांधला असता तर आज इथं बसला असता तुमच्या बाजूले. मले लय लागलं जी तवा."

गुरुजींनी चमकून वर पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या वेळात पहिल्यांदा, हसण्यासारखं काहीतरी आलं.

"नाही हो बाई. विसरला नव्हता. आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता, तो शेवटचा. मला म्हणाला, बाबा, नवेगावच्या एका मायनं दोरा पाठवला आहे. हाताला बांधला तर मोजा बसत नाही, म्हणून आत्ताच विमानात बांधून आलो, अगदी समोर, दिसंल असा. म्हणाला, आता मी एकटा नाही उडत. तुमचा दोरा त्याच्यासोबत होता, बाई. शेवटपर्यंत होता."

म्हातारा तिचं समाधान करत होता! आपण काय बोलून गेलो याचा त्याला गंधही नव्हता. देवकाबाई आधी उजळली. मग हळूहळू तिच्या कपाळावर आठ्या आल्या, आणि ती पोराकडे वळली.

"तू त मले खोलीवर विसरला म्हणून सांगतलं होतं. काऊन रे?"

गजेंद्रनं खाटेवरची रिकामी कपबशी उचलून पुन्हा ठेवली.

"गजू, मी तुले विचारून राहिली. दोरा होता, तरी कसा गेला तो? अन् तू खोटा कायले बोलला?"

अजूनही सुटता आलं असतं. दोघांपैकी कोणालाच त्या दांड्याची, त्या फटीची काही कल्पना नव्हती. आई म्हणाली असती, माझ्याच देवाचं काही चुकलं, आणि रडून गप्प झाली असती. गुरुजी कागद घडी करून पिशवीत ठेवून निघून गेले असते, आणि सायकलवर कलणारा पोरगा आठवत एक दिवस तेही गेले असते. गजेंद्रनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या कागदाकडे. एकाला वाचवलं की दुसऱ्याला मारायचं होतं. नऊ वर्षं त्यानं दुसऱ्याला मारून बघितलं होतं.

तो खाटेवरून उठून जमिनीवर बसला आणि सांगायला लागला. दांडा काय असतो ते सांगितलं. फट काय असते ते सांगितलं. हाताचा अंगठा आणि बोट जोडून पैसा केवढा होता आणि फट केवढी ते दाखवलं. उडताना केवढा हिसका बसतो, त्यात सुती दोरा टिकत नाही, हे सांगितलं. "अडकलाच असं मी शपथेवर नाही सांगू शकत, गुरुजी. विमान वर काढलंच नाही. पण पैसा तिथं होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. अन् साहेबांनी मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"काढू का म्हणाले. तू म्हणशील तसं, म्हणाले."

"आणि तू?"

"राहू द्या म्हणालो. तोडायचा नसतो म्हणालो."

गुरुजी उठले. त्यांनी गजेंद्रच्या थोबाडीत मारली. म्हाताऱ्या माणसाचा हात, लागून किती लागणार? पण मारल्यावर त्यांचाच तोल गेला आणि चेतनानं धावत येऊन त्यांना धरलं नसतं तर ते पडले असते. देवकाबाई जागची हलली नाही. तिच्या पोराला तिच्या आंगणात कोणी मारलं आणि ती बसून राहिली, असं कधी झालं नव्हतं.

"नऊ वर्षं!" गुरुजी म्हणाले. "अरे, दोन तासांच्या वाटेवर होतो आम्ही. एक पोस्टकार्ड टाकायचं होतंस. ती तरी सुखानं गेली असती." आणि मग खाटेवर बसून ते रडायला लागले, शाळेतल्या पोरासारखे, हुंदके देत. रडता रडताच मधे म्हणाले, "त्याची चूक नव्हती. विचारलं होतं त्यानं. नियमानं विचारलं होतं." तेच तेच पुन्हा म्हणत राहिले. त्यात दुःख किती आणि सुटका किती, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गजेंद्र आईकडे बघायला धजत नव्हता. शेवटी बघितलं. ती रडत नव्हती. आपल्या दोन्ही हातांच्या बोटांकडे बघत बसली होती.

बऱ्याच वेळानं गुरुजींनी डोळे पुसले, पिशवीतून वही आणि पेन काढलं, आणि शाळेत सांगावं तसं म्हणाले, "लिही. जे आत्ता सांगितलंस ते सगळं लिही. मी पुढं पाठवतो."

दारातून चेतना घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अवो, पेन्शन..."

"चूप बस वो," देवकाबाई म्हणाली.

गजेंद्रनं लिहिलं. वहीची दीड पानं भरली. त्यानं तारीख लिहिली, जहाजावरचा आपला नंबर लिहिला, साहेबांचे शब्द जसेच्या तसे लिहिले. आईचं नाव कुठं घातलं नाही. 'दोरा' एवढंच लिहिलं. कोणी दिला, कुठून आला, काही नाही. सही करून त्यानं वही गुरुजींच्या हातात दिली आणि हात जोडले. गुरुजींनी वाचलं. मास्तरच ते, काय गाळलंय ते त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतं, पण ते पेनला टोपण लावायला लागले.

"वाचून दाखवा जी," देवकाबाई म्हणाली.

गुरुजींनी वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"माझं नाव नाही त्यात."

"माय, तुझं काय काम त्यात?" गजेंद्र म्हणाला.

"लिही. दोरा देवकाबाई चुन्नीलाल कापगते हिनं धाडला, राहणार नवेगाव बांध. अन् तोडायचा नसतो म्हणून तिनंच शिकवलं, हे बी लिही."

"नको माय."

"लिही म्हणते नं!"

गुरुजींनी वही मांडीवर ठेवली. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "बाई, राहू द्या. तुमचा यात काय गुन्हा? तुम्ही तर माया केली."

"मायेनंच मेला जी तुमचा पोरगा," देवकाबाई म्हणाली. "नऊ वर्षं मी गावभर सांगून राहिली का त्यानं माझा दोरा बांधला नाही म्हणून मेला. मेलेल्या पोराच्या माथ्यावर मी चूक ठेवली, तुमच्या त्या कागदावाल्यानं ठेवली तशीच. त्याचं नाव कागदावर राहिलं, मंग माझं बी राहू द्या."

'तुमची चूक नाही' असं गुरुजींनी या वेळी म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलं असेल कदाचित, पण म्हटलं नाही. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि वही गजेंद्रपुढं धरली. गजेंद्रनं आईनं सांगितलं ते एक एक करून लिहिलं. तिच्या नावाशी आला तेव्हा त्याला अक्षर दिसेना, म्हणून थांबून बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा लिहिलं.

मग देवकाबाई जोत्यावरून उतरली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि वही पुढ्यात ओढून घेतली. बचत गटात सही शिकली होती ती. तिच्या नावाची पाच अक्षरं. ती लिहायला तिला फार वेळ लागला, आणि तोपर्यंत गुरुजींनी वहीचं पान धरून ठेवलं.